प्रकल्प नोंदी: लहान-मोठ्या अक्षरांखालची एक रेघ

सोमवार, ३ मार्च २०२५

पाडवा ३० तारखेला. त्या दिवशी विशेषांकाची वेब आवृत्ती लागायला हवी. मजकूर बहुतेक हातात आलाय, पण अनुक्रमणिकेचं पान एका रेघेवर अडलंय. डिझाइनमध्ये प्रत्येक लेखाचं शीर्षक म्हणजे एक अख्खी लिंक, आणि त्या लिंकमध्ये एकच शब्द मोठा. उदाहरणार्थ 'विदर्भातला' १४ पिक्सेल, 'दुष्काळ' ४० पिक्सेल, 'आणि आपण' परत १४. खाली या टोकापासून त्या टोकापर्यंत अंडरलाइन.

तक्रारी दोन आल्यात आणि दोन्ही एकमेकींच्या उलट आहेत. संपादक मॅडमच्या लॅपटॉपवर रेघ सरळ आहे, पण 'दुष्काळ'खाली ती जेमतेम दिसते. "एवढा मोठा शब्द आणि खाली काय हे?" असं त्यांचं म्हणणं. टेस्टिंगसाठी ठेवलेल्या जुन्या अँड्रॉइड टॅबलेटवर मात्र तीच रेघ तुकड्यातुकड्यांत येते: दोन्हीकडे बारीक, मध्ये जाड आणि थोडी खाली उतरलेली.

दोन्ही स्क्रीनशॉट तिकिटाला (तक्रारीच्या नोंदीला) जोडले. कोडला अजून हात लावलेला नाही. आधी नियम वाचतो.

मंगळवार, ४ मार्च

अंडरलाइन लावणारी 'टेक्स्ट-डेकोरेशन' ही प्रॉपर्टी १९९६ च्या पहिल्या सीएसएसपासून (वेबपानांचं रूप ठरवणाऱ्या भाषेपासून) आहे. तेव्हा त्यात अंडरलाइनच्या पंगतीला 'ब्लिंक'ही (मजकूर लुकलुकवणारा) बसवला होता. ब्राउझरांनी तो पुढे काढून टाकला हे उत्तम झालं.

मुद्द्याची गोष्ट अशी की ही प्रॉपर्टी रंगासारखी किंवा फॉन्टसारखी मुलांना, म्हणजे आतल्या एलिमेंटांना (पानाच्या घटकांना), वारशाने मिळत नाही. लिंकवर लावलेली अंडरलाइन लिंकचीच राहते, ती फक्त आतल्या सगळ्या मजकुराखालून ओढली जाते. म्हणूनच आतल्या स्पॅनवर (लिंकमधल्या मजकुराच्या वेगळ्या तुकड्यावर) 'नन' लिहून रेघ जात नाही. आतला शब्द लाल केला तरी रेघ लाल होत नाही. फ्लोट केलेले, अ‍ॅब्सोल्यूट पोझिशनचे आणि इनलाइन-ब्लॉक केलेले भाग तेवढे या रेघेतून सुटतात.

लहान-मोठ्या आकारांबद्दल सीएसएस २.१ (शिफारस २०११ ची) एवढंच म्हणतं: आतल्या अक्षरांचे आकार विचारात घ्यायचे तर घ्या, पण एका ओळीवर रेघेची बेसलाइन (अक्षरं जिच्यावर बसतात ती रेषा) आणि जाडी एकच ठेवा. म्हणजे टॅबलेटवरची पायऱ्यापायऱ्यांची रेघ नियमाबाहेर, आणि मॅडमना न आवडलेली बारीक रेघ नियमात बसणारी.

२०१३ मध्ये कँडिडेट रेकमेंडेशन (शिफारशीच्या आधीचा टप्पा) झालेलं 'टेक्स्ट डेकोरेशन लेव्हल ३' आणखी पुढे जातं. रेघेखाली येणाऱ्या सगळ्या मजकुराचा विचार करून ओळीगणिक सरासरी जागा काढा, असं त्यात आहे. त्यातली आकृती तर फारच छान: ओळीत मोठ्या अक्षरांचं प्रमाण जसजसं वाढतं तसतशी रेघ खाली सरकते आणि जाड होते. मॅडमना हवंय ते नेमकं हेच. पण जाडीच्या वाक्यातली भाषा बघितली की उत्साह मावळतो. ब्राउझर सरासरी जाडी काढू 'शकतो'. काढायलाच हवी असं नाही.

गुरुवार, ६ मार्च

चाचणीचं पान केलं. एकच शीर्षक वेगवेगळ्या रचनांत: लिंक लहान आणि आतला शब्द मोठा, लिंक मोठी आणि बाजूचे शब्द लहान, अंडरलाइन लिंकऐवजी प्रत्येक स्पॅनवर. क्रोम, फायरफॉक्स आणि सफारीत उघडून स्क्रीनशॉट आठपट मोठे केले आणि पिक्सेल मोजले.

सरासरी तिघांपैकी कोणीच काढत नाही. आज तिन्हीकडे पद्धत एकच आहे: ज्या एलिमेंटवर अंडरलाइन लिहिली आहे त्याचा फॉन्ट, त्याचा आकार आणि त्याची बेसलाइन घ्यायची आणि त्याच हिशेबाने ओळभर रेघ ओढायची. आत ४० चा शब्द असो की ४०० चा, त्याला कोणी विचारत नाही. रेघ कुठून कुठवर दिसते याला अर्थ नाही, सातबाऱ्यावर नाव कोणाचं आहे ते बघायचं. आमच्या शीर्षकात ते नाव १४ पिक्सेलच्या लिंकचं आहे.

टॅबलेटचंही कोडं सुटलं. क्रोमच्या ब्लिंक इंजिनात पूर्वी मजकुराचा प्रत्येक तुकडा रंगवताना त्या तुकड्याचाच आकार घेतला जाई, त्यामुळे मोठ्या शब्दाखाली रेघ आपोआप जाड व्हायची. पुढे ब्लिंकने मालक एलिमेंटचा, म्हणजे अंडरलाइन ज्यावर लिहिली आहे त्याचा, हिशेब धरायला सुरुवात केली. सफारीच्या वेबकिट इंजिनाच्या कोडमध्येही 'डेकोरेटिंग बॉक्स' याच नावाने हा मालक सापडतो. टॅबलेटवरचं वेबव्ह्यू (पान दाखवणारा ब्लिंकचा भाग) त्या बदलाच्या आधीचं आहे. फायरफॉक्स मजकुराच्या तुकड्यापासून वर चढत मालकापर्यंत जातो आणि त्याचे फॉन्ट मेट्रिक्स (मापं) उचलतो.

आता जाडी. ती 'ऑटो', म्हणजे ब्राउझरवर सोडलेली, असताना तिघांचे तीन मार्ग:

क्रोम फॉन्टच्या आकाराचा दहावा भाग घेतो, किमान १ पिक्सेल, आणि सरळ रेघ रंगवताना अपूर्णांक खाली कापतो. १४ ला १.४, म्हणजे पडद्यावर १. मालक ४० चा असता तर ४. बेसलाइन आणि रेघ यांतलं अंतर जाडीच्या निम्मं, वरच्या पूर्णांकात नेलेलं; म्हणजे १४ ला १ पिक्सेल, ४० ला २.

सफारी सोळावा भाग घेतो. ४० ला २.५, १४ ला पुरता १ सुद्धा नाही. मॅडमच्या तक्रारीचं मूळ इथेच.

फायरफॉक्स फॉन्टलाच विचारतो. ओपनटाइप फॉन्टमध्ये 'पोस्ट' नावाची सारणी असते, तिच्यात रेघेची जागा आणि जाडी फॉन्ट बनवणाऱ्याने लिहून ठेवलेली असते. अक्षराचा आकार हजार एककांत मोजणाऱ्या फॉन्टात जाडी ५० असली तर ४० पिक्सेलला २ येते. या आकड्यांवर डोळे मिटून विश्वास ठेवता येत नाही. फायरफॉक्सच्या सेटिंगांत रेघेची जागा चुकीची सांगणाऱ्या काही फॉन्टांची एक काळी यादीच आहे आणि त्यात बरेचसे पूर्व आशियाई लिप्यांचे जुने फॉन्ट आहेत. शिवाय पोस्ट सारणीत जागा म्हणजे रेघेची वरची कड, तर पोस्टस्क्रिप्टच्या (छपाईसाठीच्या भाषेच्या) जुन्या व्याख्येत रेघेचा मध्य. फॉन्ट वाचणारी फ्रीटाइप लायब्ररी सारणीतला आकडा मध्यावर आणून देते. कोणती लायब्ररी मध्ये आहे हे न बघता आकडे ताडून पाहिले तर अर्ध्या जाडीचा फरक उगाच डोकं खातो.

सोमवार, १० मार्च

जाडीचा निर्णय व्हायचाय, पण आज उकार निस्तरायचे होते.

अंडरलाइनची सगळी कल्पना रोमन अक्षरांवर बेतलेली आहे. तिथे जी, वाय, पी अशा मोजक्या अक्षरांची शेपटी बेसलाइनखाली जाते. आपल्याकडे उकार, ऊकार, ऋकार, पाय मोडलेली अक्षरं, 'ट्ट' आणि 'द्व' यांसारखी उतरंडीची जोडाक्षरं, सगळी बेसलाइनखाली. रेघ त्यांच्यातून आरपार जाऊ नये म्हणून 'स्किप-इंक' आहे: अक्षराची शाई जिथे रेघेला छेदते तिथे रेघ तोडायची. क्रोममध्ये हे २०१८ च्या सुरुवातीपासून आपोआप चालू आहे, फायरफॉक्समध्ये २०१९ च्या ७० व्या आवृत्तीपासून.

'गुरुपुष्यामृत' हा शब्द लिंक करून मोठा करून पाहिला. 'गु'खाली रेघ तुटते. 'रु'खाली तुटत नाही, कारण र चा उकार खाली न लटकता कुशीत बसतो. मग 'पु'खाली परत तुटते, 'ष्या' सुखरूप, 'मृ'खाली पुन्हा खाडा. एका शब्दाखाली रेघेचे आखूड-लांब तुकडे उरतात आणि त्यांत काही लय नसते.

'स्किप-इंक: नन' करून पाहिलं. रेघ अखंड झाली, पण १६-१८ पिक्सेलच्या मजकुरात ती बरोबर उकाराच्या पोटातून जाते. 'सुत' आणि 'सूत' यांतला फरक ज्या दोन-तीन पिक्सेलांत असतो तेच ती खाते. मराठी मजकुरासाठी हा पर्याय बाद.

'टेक्स्ट-अंडरलाइन-पोझिशन: अंडर'ही परिच्छेदातल्या लिंकांवर लावून पाहिला. यात रेघ उकारांच्याही खाली जाते, तोडावी लागत नाही, आणि एका ओळीची लिंक अतिशय देखणी दिसते. लिंक दुसऱ्या ओळीवर गेली की तीच रेघ खालच्या ओळीच्या वेलांट्या आणि रफारांना जाऊन भिडते. ओळींतलं अंतर अक्षरांच्या आकाराच्या १.९ पट केल्यावर सुटते, पण तेवढं अंतर लेखभर ठेवायला कोणी तयार होणार नाही. अनुक्रमणिकेच्या बारीक टिपांपुरता ठेवलाय, त्या एकाच ओळीच्या आहेत.

आता दुष्काळ. रेघेचा मालक १४ चा, त्यामुळे रेघ बेसलाइनपासून जेमतेम १ पिक्सेल खाली. शब्द ४० चा, म्हणजे 'दु'चा उकार चांगला दहाएक पिक्सेल खाली उतरलेला. आमच्या शीर्षकाच्या फॉन्टात उभे दंडही बेसलाइनच्या किंचित खाली टेकतात. ४० पिक्सेलला ते 'किंचित' एवढं होतं की स्किप-इंक दंडांखालीही रेघ तोडतं. लहान मालकाची रेघ मोठ्या अक्षरांच्या पायात अडकलीय, असा हा प्रकार. मॅडमना ती जेमतेम दिसण्याचं हे दुसरं कारण.

बुधवार, १२ मार्च

टेस्टरने नवीन तिकीट टाकलं: लेखांमधल्या ज्या लिंकांत टिपेचा आकडा आहे तिथे रेघ उडी मारते. 'मराठवाड्याचा मुक्तिसंग्राम३' अशी लिंक, ३ हा सुपरस्क्रिप्ट (वर चढवलेला लहान आकडा), आणि त्या तिनाखाली रेघ अचानक वर गेलेली. हे टॅबलेटवर नाही, ताज्या फायरफॉक्सवर.

नियमानुसार असं होता कामा नये. सुपरस्क्रिप्ट हे तर लेव्हल ३ मधलं नेहमीचं उदाहरण आहे: आकडा वर चढला तरी मालकाची रेघ सरळच राहायला हवी. चाचणीच्या पानावर ती सरळच राहते. लेखाच्या पानावर उडी मारते.

फरक रीसेट स्टाइलशीटमध्ये (ब्राउझरांमधले फरक पुसणाऱ्या सुरुवातीच्या नियमांमध्ये) निघाला. सुपरस्क्रिप्टमुळे ओळींतलं अंतर कमीजास्त होऊ नये म्हणून बऱ्याच रीसेटांमध्ये एक जुनी युक्ती असते: 'व्हर्टिकल-अलाइन' बेसलाइनवर आणायचं, फॉन्ट ७५ टक्के करायचा आणि 'पोझिशन: रिलेटिव्ह' देऊन आकडा अर्धा एम (त्याच्या फॉन्ट-आकाराच्या निम्मा) वर उचलायचा. डोळ्यांना दोन्ही सारखंच दिसतं. रेघेला मात्र नाही! सीएसएस २.१ मध्ये स्पष्ट वाक्य आहे की आतलं एलिमेंट रिलेटिव्ह पोझिशनने हलवलं तर त्याखालची रेघही त्याच्यासोबत हलते. व्हर्टिकल-अलाइनने वर गेलेला आकडा रेघेला जागेवर ठेवतो, रिलेटिव्हने गेलेला तिला सोबत घेऊन जातो. आमचा मजकूर १८ चा, आकडा १३.५ चा, उचल ६.७५ पिक्सेल. स्क्रीनशॉटवर मोजलं तर उडी तेवढीच भरते. म्हणजे फायरफॉक्स अगदी नियमाने वागतोय.

दुरुस्ती दोन ओळींची: रिलेटिव्ह काढलं, 'व्हर्टिकल-अलाइन: सुपर' परत आणलं आणि ओळींचं अंतर हलू नये म्हणून सुपरस्क्रिप्टची 'लाइन-हाइट' शून्य. टेस्टरने तिकीट बंद केलं. या सगळ्या कामात मला मनापासून आवडलेला भाग हाच. दोन वाटा एकाच जागी पोचतात आणि रेघ मात्र नेमकी कुठल्या वाटेने आलात ते सांगते.

शुक्रवार, १४ मार्च

धुळवड. काम बंद.

सोमवार, १७ मार्च

आज लेखांच्या आतला मजकूर. मराठी वाक्यात रोमन लिपीतले शब्द येतात, कंपन्यांची नावं, संक्षेप वगैरे. शेजारी देवनागरी असली की रोमन अक्षरं नेहमी थोराड वाटतात, म्हणून पूर्वीपासून ती एका स्पॅनमध्ये घालून ८८ टक्के केली जातात. म्हणजे जवळजवळ प्रत्येक लेखात लहान-मोठे आकार मिसळलेले. काही लेखकांच्या मजकुरात तर लिंक त्या स्पॅनच्या आत आहे, काहींच्यात बाहेर. मालक बदलला की शेजारशेजारच्या दोन लिंकांच्या रेघा वेगवेगळ्या.

हे स्पॅनच काढून टाकायचे ठरले. फॉन्ट-फेसमध्ये (पानाला फॉन्ट जोडणाऱ्या नियमात) 'साइझ-अ‍ॅडजस्ट' हा डिस्क्रिप्टर आता सगळीकडे आहे, सफारीत २०२३ च्या १७ व्या आवृत्तीपासून. रोमन फॉन्टला तिथेच ८८ टक्के दिले की अक्षरं लहान होतात, पण सीएसएसच्या लेखी 'फॉन्ट-साइझ' एकच राहतो. मालक एक, आकार एक, भांडण संपलं.

एक गोम आहे. आमच्या फॉन्ट फॅमिलीत रोमन एका फॉन्टातून येतं, देवनागरी दुसऱ्यातून, दोन्ही एकाच नावाखाली 'युनिकोड-रेंज' (कोणती अक्षरं कुठल्या फॉन्टातून घ्यायची ते) देऊन जोडलेले. फायरफॉक्स रेघेचे आकडे 'पहिल्या उपलब्ध फॉन्ट'चे घेतो, आणि पहिला उपलब्ध म्हणजे कोण, तर ज्याच्याकडे स्पेस हे अक्षर आहे तो. देवनागरीच्या तुकड्याची रेंज ०९०० ते ०९७एफ, त्यात स्पेस नाही. अख्खा परिच्छेद मराठी असला तरी त्याच्या रेघेची जाडी रोमन फॉन्टच्या पोस्ट सारणीतून ठरते, आणि ८८ टक्क्यांची कात्री त्या आकड्यालाही लागते! देवनागरीच्या रेंजमध्ये स्पेस घातली आणि तो फॉन्ट आधी येईल असं केलं. शब्दांमधली जागाही आता देवनागरी फॉन्टची येते, ती जरा रुंद आहे, आणि मराठीला तीच बरी दिसते.

गुरुवार, २० मार्च

शीर्षकाचा निकाल. डिझाइनर, मॅडम आणि मी, तिघं एकाच पडद्यासमोर.

डिझाइनरची सूचना: लिंकच ४० ची करा आणि 'विदर्भातला', 'आणि आपण' यांना स्पॅनमध्ये लहान करा. मालक मोठा झाला की रेघ आपोआप जाड. डेस्कटॉपवर हे खरंच सुरेख दिसतं. मोबाइलवर शीर्षक मोडून दुसऱ्या ओळीवर फक्त 'आणि आपण' उरलं की गंमत होते. ओळीवर मोठा शब्द नसला तरी लिंकची पेटी ४० चीच, त्यामुळे ती ओळ तेवढीच उंच, आणि १४ च्या दोन शब्दांखाली ४ पिक्सेलची जाड पट्टी. बाद.

मॅडमनी विचारलं, "मोठ्या शब्दाखालीच जाड आणि बाकी बारीक असं मुद्दाम केलं तर? टॅबलेटवर दिसतं तसं?" करता येतं, प्रत्येक स्पॅनला आपापली अंडरलाइन दिली की झालं. मी म्हटलं, "मॅडम, जाडीसोबत रेघेची उंचीही बदलते, सांध्यावर पायरी दिसेल." मोठं करून दाखवल्यावर त्यांनीच नको म्हटलं.

उरलं ते हे: मालक १४ चाच ठेवायचा आणि जाडी-अंतर त्याच्या आकारावर न सोडता आपण सांगायचं. 'टेक्स्ट-डेकोरेशन-थिकनेस' आणि 'टेक्स्ट-अंडरलाइन-ऑफसेट' सफारी आणि फायरफॉक्समध्ये २०१९ पासून आहेत, क्रोममध्ये ती २०२० च्या अखेरीपासून थोड्या अंतराने आली. आकडे रेममध्ये (पानाच्या मूळ फॉन्ट-आकाराच्या पटीत) लिहिले. एममध्ये लिहिले असते तर १४ वर मोजले गेले असते, आणि उद्या कोणी लिंकचा आकार बदलला की सगळं पुन्हा हललं असतं. जाडी ३ पिक्सेलच्या जवळपास, ऑफसेट ५ च्या. ४० च्या अक्षरांचे दंड आता रेघेपासून सुटलेत. 'दु'चा उकार अजून छेदतो, तिथे खाडा राहणार. तो टाळायला रेघ दहा-बारा पिक्सेल खाली न्यावी लागते आणि मग बाजूच्या १४ च्या शब्दांशी तिचा संबंध उरत नाही.

जाडी वाढवल्यावर 'दु'खालचा खाडाही रुंदावला. ब्लिंक छेदाच्या दोन्ही बाजूंना रेघेच्या जाडीइतकी मोकळी जागा सोडतं, म्हणून. ४ पिक्सेलला तो फारच भगदाड वाटत होता, ३ वर थांबलो ते त्यामुळे.

मंगळवार, २५ मार्च

सगळं स्टेजिंगवर (चाचणीच्या सर्व्हरवर). मॅडमच्या लॅपटॉपवर, ऑफिसातल्या विंडोज मशीनवर आणि दोन-तीन फोनांवर रेघ सरळ, जाडी सारखी. टॅबलेटला नवीन प्रॉपर्ट्या कळत नाहीत, तिथे रेघ पूर्वीसारखीच पायऱ्यांची येते. त्यासाठी वेगळा कोड लिहायचा नाही असं ठरलं. लिंक वाचता येते आणि दाबता येते, पुरे आहे.

अनुक्रमणिकेत 'कुटुंब' हा मोठा शब्द असलेलं एक शीर्षक आहे. त्यात 'कु' आणि 'टुं' लागोपाठ येतात आणि दोन खाड्यांच्या मध्ये रेघेचा एवढासा ठिपका उरतो. डिझाइनरने तो वीस मिनिटं पाहिला. मॅडमनी त्या लेखात मोठा शब्द 'कुटुंब'ऐवजी 'घर' करायला लेखिकाबाईंची परवानगी मागितली आहे, उत्तर यायचंय. आलं नाही तर ठिपक्यासकट अंक लागेल.

पीडीएफ आवृत्तीतल्या रेघा वेगळ्या तिकिटावर टाकल्या, ते काम एप्रिलमध्ये.